बायकोचे मामा आणि दहावा माणूस

देवानं सृष्टी निर्माण करायचं काम माझ्या बायकोच्या मामांकडे सोपवलं असतं, तर ते सहा नव्हे, चार दिवसांत उरकलं असतं. पण सातव्या दिवशी विश्रांती मात्र कोणालाच मिळाली नसती. उजेडाला त्यांनी वेळेवर यायला लावलं असतं, डोंगरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं असतं, आणि आदाम डोळे उघडतोय न उघडतोय तोच त्याला विचारलं असतं, "टोपी कुठाय?"

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. एका शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवून ते निवृत्त झाले होते, म्हणजे शाळेनं त्यांना निवृत्त केलं होतं. त्यांनी स्वतः ही गोष्ट मनावर घेतली नव्हती. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीत शिट्टी, असा त्यांचा वेष बारा महिने असे. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, लागला की शिट्टी खुंटीवर जाई आणि शनिवारी तारे दिसले की पुन्हा गळ्यात येई. "आठवड्यातला तेवढा एकच दिवस देवानं माझ्यासाठी केलाय," असं मामी म्हणत. बोरीवलीतले निम्मे रिक्षावाले, कितीतरी भाजीवाले आणि चौकीतला एक हवालदार हे मामांचे विद्यार्थी. मामा रस्त्यानं चालू लागले की समोरच्या माणसांची पोटं आपोआप आत जात आणि बोटांतल्या विड्या पाठीमागे. हवालदारसाहेबांना तर मी भर नाक्यावर, युनिफॉर्ममध्ये, "खांदे! खांदे!" एवढं ऐकून ताठ होताना पाहिलं आहे.

माझी आणि त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणच्या किनाऱ्याला लागून पिढ्यान्‌पिढ्या मराठी झालेले ज्यू. आमच्यात नवरी आत येत असताना नवऱ्यानं तिच्यासाठी हिब्रू गाणं म्हणायची पद्धत आहे. मी महिनाभर बाथरूममध्ये तयारी केली होती. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या पाठीत कोणाचा तरी अंगठा रुतला आणि कानाशी आवाज आला, "पोट आत. श्वास पोटातून घे, गळ्यातून नको." लग्नाच्या फोटोत मी जो इतका रुबाबदार दिसतो, तो आनंदानं नव्हे, त्या अंगठ्यामुळे.

लग्नानंतर आम्ही बोरीवलीला राहायला आलो आणि मी मामांच्या हद्दीत सापडलो. शहरातली आमची जुनी सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिरं, उंच छतांची, झुंबरांची. पण ती लांब पडत. म्हणून उपनगरात आलेल्या वीस-पंचवीस कुटुंबांनी नॅशनल पार्कच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचा तळमजला घेतला होता, दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथं प्रार्थनेचा हॉल केला होता. मामा या हॉलचे ऑनररी सेक्रेटरी. कमिटी पाच जणांची होती. त्यातल्या चौघांनी राजीनामे दिले होते आणि मामांनी त्यातला एकही स्वीकारला नव्हता.

हॉलच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर 'आगामी कार्यक्रम' असं मथळ्यासारखं लिहून खाली मामा दर आठवड्याला तीन रंगांच्या खडूंनी सूचना लिहीत. साध्या कार्यक्रमालाही त्यांच्या हातून हुकमाचा वास येई. 'शुक्रवारी सूर्यास्त ठीक ६ वाजून ४२ मिनिटांनी होईल. सभासदांनी त्याआधी हजर राहावे. सूर्यास्त कोणासाठी थांबत नाही.' किंवा, 'रविवारी सकाळी दहा वाजता हिब्रू वर्ग. मागल्या रविवारी जे आले नाहीत त्यांची नावे माझ्याकडे आहेत.' पुरीमच्या सणाला वेषभूषा स्पर्धा असे. त्यात सगळ्या मुली राणी एस्तेर होत, आणि ज्यूंच्या जिवावर उठलेला तो दुष्ट वजीर हामान व्हायला कोणी तयार नसे. एका वर्षी फळ्यावर आलं, 'गतवर्षी सात एस्तेर आल्या व हामान एकही आला नाही. यंदा हामानची जबाबदारी पुढील सभासदाने पार पाडावी,' आणि पुढे माझं नाव. मी बँकेत काम करणारा माणूस. आमचे दोन खातेदार तो फळा वाचून आले आणि काउंटरवर मला विचारू लागले, "हामानची जबाबदारी म्हणजे काय हो? लोन डिपार्टमेंट का?"

येणारेजाणारे सगळेच तो फळा वाचत. शेजारच्या चाळीतल्या एक बाई एका संकष्टीला फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, तुमच्याकडे सूर्यास्ताची वेळ असते, मग चंद्राची पण असेल ना? माझं कॅलेंडर पोरानं फाडलं." मामांनी पाच मिनिटं विचार केला. पुढच्या महिन्यापासून फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या खडूनं, 'संकष्टी चंद्रोदय' अशी ओळ येऊ लागली. राजीनामा दिलेल्या एका कमिटी मेंबरांनी हरकत घेतली की हे आपल्या धर्मात बसत नाही. मामा म्हणाले, "चंद्र आपल्या धर्मात बसतो की नाही? आपला महिना चंद्रावरच चालतो. बाई दिवसभर उपाशी असते, तिला वेळ सांगायला तुझं काय जातं?" त्या मेंबरांनी आणखी एक राजीनामा दिला. तोही मामांनी घेतला नाही.

नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षारंभाला, मेंढ्याचं शिंग फुंकतात. त्याच्या आधी महिनाभर मामा पहाटे गच्चीवर जाऊन सराव करत. पी.टी. शिक्षकाची छाती ती. शिंग जणू रागावून ओरडे. समोरच्या बिल्डिंगमध्ये गिरणीत काम करणारे एक मालवणी गृहस्थ राहत. त्या वर्षी गिरण्यांचा संप चालू होता, गृहस्थ महिनोन्‌महिने घरी बसून होते. पहिल्या दिवशी शिंग वाजलं तसे ते ताडकन उठले, शर्ट चढवला, बायकोला म्हणाले, "गो, भोंगो झालो! डबो दी!" आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले. मामांना हे कळल्यावर ते स्वतः त्यांच्या घरी गेले, बराच वेळ बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सरावासाठी पार्कच्या दिशेनं लांब चालत जाऊ लागले. तिकडे माकडं शिंगाला उत्तर देत, असं ते अभिमानानं सांगत.

या सगळ्या उठाठेवींच्या मुळाशी मात्र एकच काळजी होती. आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ मोठमोठे विद्वान जमले तरी चालत नाही, आणि दहावा नुसता जांभया देत बसला तरी चालतं. पण त्या वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनी एखादं कुटुंब इस्राएलला निघे. मामा फळ्यावर 'निरोप समारंभ' हे शब्द कधीच लिहीत नसत. 'स्नेहभोजन' असं लिहीत. जेवणात नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा असे आणि शेवटी मामांचं भाषण. भाषणात ते जाणाऱ्याला तिकडे पाठ सरळ ठेवून चालायला सांगत. मग घरी येऊन मामींना विचारत, "आता किती राहिले?" आणि मामी म्हणत, "तुम्हीच सांगा, मोजायचा धंदा तुमचा."

खरी गंमत तिथंच होती. पस्तीस वर्षं पोरांना 'एक-दोन-तीन' म्हणायला लावणाऱ्या या माणसाला हॉलमध्ये एक, दोन, तीन असं मोजायची मनाई होती. माणसांवर बोट ठेवून आकडे म्हणायचे नाहीत, अशी आमच्याकडे जुनी चाल आहे. त्यासाठी दहा शब्दांचं एक हिब्रू वचन आहे; माणसागणिक एक शब्द म्हणायचा, वचन पुरं झालं की माणसं पुरी झाली. मामा दाराशी उभे राहून ते पुटपुटत. सातव्या-आठव्या शब्दाला अडकले की त्यांचा चेहरा असा होई, की रस्त्यावरून जाणारे लोक विचारत, "सर, कोणी आजारी आहे का?"

या दहांतले एक म्हणजे आमचे कंपाउंडर. ते स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडे औषधं बांधत. पन्नाशीचा, एकटा, सावकाश माणूस. बाटलीत मिक्श्चर ओततानाही त्याची धार कधी घाईत पडायची नाही. मामा आणि कंपाउंडर एकमेकांशी तीन वर्षं बोलत नव्हते. कारण होतं माकडं.

पावसाळा सरता सरता आमचा मांडवाचा सण येतो. आमचे पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात भटकले, त्याची आठवण म्हणून, तोरा या आमच्या धर्मग्रंथाच्या आज्ञेप्रमाणे, उघड्यावर मांडव घालायचा, वर झावळ्या अशा विरळ टाकायच्या की आत बसून तारे दिसावेत, आणि छताला फळं टांगायची. आधी सोसायटीतले लोक विचारत, "गणपती झाले, नवरात्र झालं, आता हा मंडप कोणाचा?" पुढे पुढे तेच केळीचे खांब आणून देऊ लागले. त्या वर्षी मामांनी मांडव असा सजवला होता की बघत राहावं. केळ्यांचे घड, मोसंबी, पेरू, सीताफळं. दुपारी राखणीला त्यांनी कंपाउंडरांना बसवलं आणि स्वतः कोणाच्या तरी दारी दहावा माणूस पक्का करायला गेले. परत आले तेव्हा पार्कातली पंधरा-वीस माकडं मांडवात सण साजरा करत होती आणि मधोमध चटईवर कंपाउंडर शांत झोपले होते. डोक्यावरची त्यांची टोपी एका पिल्लानं घातली होती.

"तुला राखायला बसवलं होतं!" मामा ओरडले.

कंपाउंडरांनी उठून चष्मा पुसला. "तोरात काय लिहिलंय? मांडवात राहा. राहणं म्हणजे झोपणं आलंच. मी देवाची आज्ञा पाळत होतो."

"आणि माकडं?"

"त्यांनी पण फळं खाऊन सण पाळला. मी कोण अडवणारा?"

धर्मशास्त्राच्या दृष्टीनं हे उत्तर बिनतोड होतं आणि म्हणूनच मामांनी ते कधीच माफ केलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, 'मांडवात राहताना डोळे उघडे ठेवण्यास धर्माची हरकत नाही, असा खुलासा करण्यात येत आहे.' संध्याकाळी त्याखाली बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं, 'खुलासा वाचला. – एक झोपाळू सभासद.' तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कंपाउंडर दर शनिवारी येत, वचनातला आपला शब्द होत, आणि मामांकडे न बघता घरी जात. मामाही त्यांच्याकडे न बघता त्यांना मोजत.

अशी तीन वर्षं गेली. मग सिस्टरचं प्रकरण आलं.

सिस्टर म्हणजे आमच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई. आयुष्यभर नर्सिंग केलेलं, म्हणून त्यांना सगळेच सिस्टर म्हणत. त्यांचे यजमान हॉल सुरू करणाऱ्यांपैकी एक. खिडकीखालच्या बाकावर बसायचे. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. दोन्ही मुलगे इस्राएलला. आईनं तिकडे यावं म्हणून ते वर्षभर मागे लागले होते आणि सिस्टर एकच सांगत होत्या, "त्यांचं वर्ष इथं होऊ दे. ते बसायचे त्या बाकासमोर प्रार्थना होऊ दे. मग तुम्ही म्हणाल तिथं येते." शेवटी बुधवारी सकाळी वर्षाची प्रार्थना आणि शुक्रवारचं विमान असं ठरलं. मृताच्या नावानं कादिश म्हणायची असते, आणि कादिशला दहा जण लागतातच.

बुधवारी सकाळी दहा पुरुष जमवणं म्हणजे काय, हे ज्याला नोकरी आहे त्यालाच कळेल. मामा आठ दिवस आधीपासून दारोदार फिरत होते. मला त्यांनी कॅज्युअल टाकायला लावली. एका इंजिनियरला आजारी पडायला लावलं. निवृत्त मंडळींना तर त्यांनी मंगळवारी संध्याकाळीच झोपायला सांगितलं. बुधवारी सकाळी आठला आम्ही हॉलवर होतो. साडेआठपर्यंत बरीच माणसं आली. मामा दाराशी उभे राहून वचन म्हणू लागले आणि नवव्या शब्दावर थांबले. पुन्हा सुरुवातीपासून म्हणाले. पुन्हा नवव्यावरच थांबले. आजारी पडलेला इंजिनियर खरंच आजारी पडला होता.

सिस्टर पांढरी साडी नेसून बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. खिडकीखालच्या बाकाकडे बघत होत्या. पावणेनऊ झाले, नऊ झाले. शेवटी माझ्या बायकोनं मामांना बाजूला घेतलं.

"मामा, कंपाउंडरकाका कुठायत?"

"मला काय माहीत?"

"त्यांचा दवाखाना बुधवारी बंद असतो. तुम्ही त्यांच्याकडे गेलाच नव्हता ना?"

"फळ्यावर लिहिलं होतं," मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चल."

रस्त्यात त्यांनी शिट्टी मारली, एक रिक्षा जागच्या जागी थांबली. कंपाउंडरांच्या खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "दाढीला गेलेत, स्टेशनजवळ." सलूनमध्ये शिरलो तर ते खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून पडलेले. उजवी बाजू झालेली, डावीवर साबणाचा फेस. मामा त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि सलूनवाल्याला म्हणाले, "यांना सांगा, हॉलवर दहावा माणूस पाहिजे."

सलूनवाल्यानं वस्तरा वर धरला. "साहेब, ते इथंच तर आहेत."

डोळे न उघडता कंपाउंडर म्हणाले, "त्यांना सांगा, आज बुधवार आहे. माझी ड्यूटी शनिवारची."

"यांना सांगा, रिक्षा उभी आहे."

"त्यांना सांगा, माझी एक बाजू राहिलीय."

"यांना सांगा, प्रार्थनेला दोन्ही गाल लागत नाहीत. नुसतं डोकं लागतं. तेही वापरलं नाही तरी चालतं, मोजण्यापुरतं असलं म्हणजे झालं!"

"ओ साहेब," सलूनवाला काकुळतीला आला, "हातात वस्तरा आहे माझ्या. एवढं सगळं लक्षात कुठं ठेवू? तुम्ही दोघं आपसात बोला ना यार."

मला राहवलं नाही. "काका, सिस्टरच्या यजमानांचं वर्ष आहे आज. नऊच जमलेत. परवा त्यांचं विमान आहे."

कंपाउंडरांनी डोळे उघडले. खुर्चीत सरळ बसले आणि आरशातून मामांकडे बघितलं. हे मला नंतर कळलं, पण मामांना माहीत होतं: कंपाउंडर तरुणपणी गावाहून आले, तेव्हा सिस्टरच्या यजमानांनी त्यांना आठ महिने आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं होतं, जेवूखाऊ घातलं होतं, आणि दवाखान्यातली नोकरीही त्यांनीच लावून दिली होती.

"मला का नाही सांगितलंत?" कंपाउंडर म्हणाले. सलूनवाल्याला नव्हे, मामांना.

"फळ्यावर..."

"सगळ्यांच्या घरी गेलात. त्या इंजिनियरकडे तीनदा गेलात, मला ठाऊक आहे. मला फळा सांगणार?"

मामांची पाठ, जी कधी वाकलेली मला आठवत नाही, ती थोडी खाली आली. गळ्यातल्या दोरीशी बोटं चाळवत ते म्हणाले, "चुकलं माझं."

कंपाउंडर उठले. सलूनवाला म्हणाला, "साहेब, दुसरी बाजू दोन मिनिटांत..." पण ते तोवर रिक्षात जाऊन बसलेसुद्धा होते, गळ्यात सलूनचा टॉवेल, एका गालावर फेस. मागून मी आणि मामा. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. मामांनी त्याला शिट्टी मारली.

हॉलमध्ये शिरलो तेव्हा सगळे वळून बघायला लागले. मामांनी घाईघाईनं वचन म्हटलं. दहावा शब्द त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटला की पार्कच्या बाजूची कबुतरं उडाली. सिस्टर उठून पुढे आल्या, त्यांनी कंपाउंडरांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इकडून दाढी झालेला, तिकडून सांताक्लॉज.

"काय रे हे," त्या मामांना म्हणाल्या, "दहा कुठे? हे तर साडेनऊच झाले!"

"सिस्टर, मोजू नका! मोजू नका!" मामा दोन्ही हात हलवत ओरडले.

आणि सिस्टर हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवून हसल्या. आम्ही कोणीच त्यांना वर्षभरात हसताना पाहिलं नव्हतं. मग बायका हसल्या, निवृत्त मंडळी हसली, कंपाउंडर टॉवेलनं डोळे पुसत हसले. साबण डोळ्यांत गेला असावा, किंवा दुसरं काही.

कादिश मुलानं म्हणायची असते. मुलगे तर दूर. मामांनी कोणाला न विचारता पुस्तक उघडून कंपाउंडरांच्या हातात दिलं. खिडकीखालच्या बाकासमोर उभे राहून कंपाउंडरांनी कादिश म्हटली, त्यांच्या नेहमीच्या सावकाश रीतीनं, एकही शब्द न गिळता. डाव्या गालावरचा साबण वाळून त्याला चिरा पडत होत्या. जिथं जमावानं 'आमेन' म्हणायचं असतं तिथं सगळ्यांत मोठा आवाज मामांचा होता.

प्रार्थना संपल्यावर सिस्टरनी काळ्या मनुकांचं सरबत दिलं. मग मामा कंपाउंडरांजवळ गेले.

"एक बाजू राहिलीय तुझी."

"कळतंय मला."

"चल, मी येतो सलूनला. तो टॉवेल पण परत द्यायचाय."

दोघं रस्त्यानं गेले. फाटकातून बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, की माकडांच्या बाबतीत तोरा नक्की काय म्हणते, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण सुरू झालं आहे.

शुक्रवारी सिस्टर गेल्या. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन कुटुंबं गेली. "मी हलणार नाही," असं मामा प्रत्येक स्नेहभोजनाला जाहीर करत. "मी गेलो तर इथं काय उरेल?" पण तिकडे त्यांच्या मुलीला मुलगी झाली, आणि मामींचे गुडघे दुखू लागले. एका संध्याकाळी मामी शांतपणे म्हणाल्या, "विमानाची शिडी चढवतेय तोवर मला नातीला बघू दे. तुम्ही या, नाहीतर नका येऊ." मामांनी महिनाभर फळा कोरा ठेवला. शेवटी शेजारच्या चाळीतल्या त्या बाई काळजीनं विचारायला आल्या. मग त्यांनी कागदपत्रं केली.

त्यांच्या निरोपाच्या जेवणाला भाषण झालंच नाही. ते उभे राहिले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि "जेवून घ्या, गार होतंय," एवढंच म्हणून खाली बसले. विमानतळावर हवालदारसाहेब सुट्टी काढून आले होते, दोन रिक्षावाले होते, समोरचे मालवणी गृहस्थ होते. मामांनी प्रत्येकाचे खांदे आपल्या हातानं सरळ केले. माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला. नुसता हात तसाच ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

परत येताना बायको म्हणाली, "चला, आता शनिवारी झोपायला तरी मिळेल." शनिवारी पहाटे सहाला मामा प्रत्येकाच्या दारावर थाप मारत असत. शब्बाथला बेल वाजवायची नाही म्हणून थाप. आणि ती अशी, की वरच्या मजल्यावरचे गुजराती शेटही उठून दूध तापवायला लागत. मी म्हटलं, "हो, झोपू या आता."

पहिल्या शनिवारी साडेपाचलाच जाग आली. बायको आधीच जागी होती. मी अंघोळ केली, कपडे केले, टोपी घालून खुर्चीत बसलो. सहा वाजले. सव्वासहा झाले. जिन्यात कोणाचंही पाऊल वाजलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसून होतो. मग बायको म्हणाली, "अहो, निघा ना."

मी निघालो. पहिल्या दारावर थाप मारली, ती इतकी हळू पडली की माझी मलाच ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात मारली. असं करत करत चार घरं झाली आणि कंपाउंडरांच्या खोलीपाशी पोचलो. हात उचलला, तोवर दार उघडलं. दोन्ही गाल गुळगुळीत, टोपी डोक्यावर, पुस्तक काखेत. माझ्या खांद्यावरून त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती उशीर केलास रे," ते म्हणाले. "मी सहापासून दारामागे उभा आहे."